हरकतबाईंचा अर्ज

"हरकत आहे!"

औषधवाल्याचं बोलणं अजून पुरतं संपलंही नव्हतं. दुकानापुढची पायरी जरा पुढे घ्यायची, एवढंच त्याचं मागणं. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना चढायला बरं पडेल, म्हणत होता. समितीचे अध्यक्ष मान डोलावण्याच्या बेतात होते, तेवढ्यात पहिल्या बाकावरून हा आवाज आला आणि त्यांची मान निम्म्या वाटेत थांबली.

"काय हरकत आहे, बाई?"

"पायरी रस्त्यावर येते. आज पायरी, उद्या पायरीवर खुर्ची, परवा खुर्चीवर ह्याचा मेव्हणा. मग आम्ही चालायचं कुठून, ह्याच्या मेव्हण्याच्या मांडीवरून?"

औषधवाला सोडून सगळे हसले. अर्ज फेटाळला गेला.

घर बांधताना चारी बाजूंनी जी जागा मोकळी सोडावी लागते, तिला त्या भागात सगळे पट्टी म्हणत. पट्टीवर वीट ठेवायची तरी पालिकेच्या सूट समितीपुढे यायचं, रडगाणं गायचं आणि सूट मागायची. कुणाला मोटार ठेवायला जागा हवी, कुणाला देवाने दिलेली पोरं निजवायला खोली हवी. आणि ज्याला शेजाऱ्याची सूट खुपत असेल, त्याने उभं राहून हरकत सांगायची. बाकी लोक कधी तरी एकदा येत. बाई प्रत्येक बैठकीला येत, पिशवीत चष्मा आणि पाण्याची बाटली घेऊन, शाळेत जावं तशा. नवऱ्याने जन्मभर लोखंडी जाळ्या आणि फाटकं केली, मुलाने बस चालवली आणि बाईंनी हरकती घेतल्या. ज्याचा त्याचा धंदा. लोक पाठीमागे हरकतबाई म्हणायचे, मग तोंडावर म्हणायला लागले, आणि बाईंना त्याचा राग येण्याऐवजी त्यांची मान ताठ झाली.

त्यांच्या गल्लीतल्या शिंप्याने एकदा पट्टीवर पत्रा टाकून खाली मशीन मांडलं. बाईंनी तो पत्रा उतरवायला लावला. त्या एवढ्यावर थांबल्या नाहीत. ह्या गल्लीत पट्टीवर कुणालाही सूट नाही, असा ठरावच त्यांनी समितीकडून करून घेतला. त्यात "कुठल्याही कारणाने" हे शब्दही त्यांनीच घालायला लावले. शिंप्याने त्या दिवसापासून त्यांचे कपडे शिवायचं सोडलं. बाईंनी म्हातारपणी चष्मा लावून सुईत दोरा ओवला, पण त्याची पायरी चढल्या नाहीत.

त्या दिवशी बैठक उठल्यावर दारातला शिपाई त्यांच्या कानाशी लागला. "बाई, पुढच्या बैठकीच्या यादीत तुमचं नाव आलंय. चुकून पडलं असणार. सांगू का आत?"

"चुकून नाही."

"म्हणजे? तुम्ही सूट मागताय?"

"तुझं काम पाणी भरायचं आहे ना? भर."

पण मागून औषधवाला येत होता, आणि त्याचे कान काही पायरीसारखे आखूड नव्हते. बाई घरी पोचायच्या आत गल्लीला कळलं होतं.

घर दोन मजली. खाली पुढच्या बाजूला जाळ्यांचा कारखाना, आता बंद पडलेला. मागे बाईंचं स्वयंपाकघर आणि त्याला लागून एक खोली. न्हाणीघर, संडास, मुलगा, सून, सगळं वर. नवऱ्याचं अंग एका बाजूने गेलं तेव्हापासून तो खालच्या खोलीत खिडकीशी पडून असे. मुलगा रोज कामावर जाण्याआधी बापाला पाठीवर घेऊन जिना चढायचा आणि उतरवून आणायचा. मग मुलाच्याच पाठीचा मणका सरकला. हाडांच्या डॉक्टरांनी उचलायचं नाव काढायचं नाही म्हणून सांगितलं. खाटेखाली भांडं आलं.

भांडं बाई उचलत, त्याचं त्यांना काही नव्हतं. पण ते वापरताना नवरा भिंतीकडे तोंड करायचा आणि नंतर कितीतरी वेळ वळायचा नाही. लोखंड वाकवलेला माणूस. मग त्याने पाणी प्यायचं सोडलं. चहा निम्मा ठेवायचा, पेला तसाच भरलेला. ओठांना भेगा पडल्या तरी, "पाणी घ्या हो," म्हटलं की अर्ध्या तोंडाने, "तहान नाही."

खालीच न्हाणीघर-संडास काढायला बाईंनी नळवाल्याला बोलावलं. त्याने खाली सगळीकडे ठोकून पाहिलं आणि स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. "इथेच होईल, बाई. सांडपाण्याचा पाईप इथेच आहे. ओटा काढायचा, आडवी भिंत घालायची, झालं."

"काय काढायचं?"

"ओटा."

"माझ्या चुलीच्या जागी संडास बांधतोस? तुझ्या घरी बांध जा, तुझ्या बायकोच्या डोक्यावर!"

नळवाला हत्यारं गोळा करून गेला. जिन्यात उभ्या असलेल्या सुनेने तोंड फिरवलं. हसू लपवायला, असं बाईंचं मत. लग्न होऊन आली तेव्हापासून ह्या पोरीला वर स्वतःचा गॅस हवा होता, आणि बाईंनी तेव्हापासून एकच उत्तर दिलं होतं: एका घरात दोन चुली पेटल्या की घर राहत नाही, धर्मशाळा होते. डबे कुठे, तेल किती, मीठ कुणी घालायचं, सगळं बाईंच्या हातात. सून चिरायची आणि धुवायची.

मग उरली घरामागची पट्टी. न्हाणीघर तिथे बांधायचं, म्हणून तो अर्ज.

पट्टीच्या पलीकडे डॉक्टरीणबाईंचा दवाखाना. त्यांना वर दोन मजले चढवायचे होते, तेही आपली पट्टी गिळून, थेट कुंपणापर्यंत. ते मजले झाले असते तर बाईंच्या नवऱ्याच्या खिडकीपुढे नुसती भिंत आली असती. बाईंची हरकत होतीच आणि वर तो ठराव होता. दोन अर्ज, एकच बैठक. डॉक्टरीणबाई मूर्ख नव्हत्या. एका दुपारी फळांची परडी घेऊन आल्या.

"काकांना कसं आहे आता?"

"बघायला आलात की मोजायला?"

डॉक्टरीणबाईंनी परडी खाली ठेवली. "सरळच बोलते, काकू. ठराव आहे तोवर तुमचाही अर्ज मंजूर व्हायचा नाही. ठराव तुमच्यामुळे झालाय. तुम्हीच उठून म्हणालात, उठवा, तर समिती लगेच उठवेल. तुम्हाला न्हाणीघर मिळेल, मला मजले. माझे पेशंट वऱ्हांड्यात झोपतात हो."

"आणि ह्यांची खिडकी?"

"खिडकीचं काय एवढं? खोलीत चांगला दिवा लावा एक."

"दिवे लावायला तुम्ही आहात की." बाईंनी परडी उचलून त्यांच्या हातात दिली. "फळं पेशंटांना वाटा. वऱ्हांड्यात."

डॉक्टरीणबाई दारात थांबल्या. "काकू, मी रोज पाहते असे पेशंट. लाजेने पाणी सोडतात, मग मूत्रपिंड जातं. विचार करा."

बाईंनी दार लावलं. आत जाऊन पाहिलं तर सकाळचा पेला तसाच भरलेला, वर धूळ धरलेला. नवरा खिडकीतून येणाऱ्या उन्हात चांगला हात पसरून, बोटं उघडमिट करत होता. ऊन सरकायचं तसा तो हात सरकवायचा. दिवसभर हेच त्याचं काम.

बैठकीच्या दिवशी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पायरीवाला औषधवाला होता. ज्याची गच्ची अडली तो होता, ज्याची मोटार अजून उन्हात तापत होती तो होता. शिंपी दुकान बंद करून आला होता, गळ्यात टेप तशीच. मुलगा बाईंशेजारी पाठीला पट्टा बांधून बसला होता.

"आई, आज तोंड आवर," तो हळूच म्हणाला. "बाबांचा विचार कर."

"इथे झोपा काढायला आलेय का मी?"

अध्यक्षांनी दोन्ही अर्ज एकदमच घेतले. "अडचण दोघींची खरी आहे. पण ह्या गल्लीला ठराव आहे. तो उठवला तर दोघींना सूट. नाही उठवला तर कुणालाच नाही." त्यांनी पहिल्या बाकाकडे पाहिलं. "बाई, ठराव तुमच्या हट्टाने झाला. तुमचं काय म्हणणं?"

बाईंनी पिशवी मांडीवर घट्ट धरली. डोळ्यांपुढे तो पेला होता. उभं राहायचं आणि "उठवा" म्हणायचं, एवढंच. एवढासा शब्द. त्या उठायला लागल्या, तेवढ्यात मागून शिंपी उभा राहिला.

"साहेब, मी बोलू? मी त्याच गल्लीतला."

"बोला."

"उठवा ठराव." शिंप्याचा आवाज मधासारखा होता. "माझी काही हरकत नाही. बाईंना खरी गरज आहे. माझं छप्पर म्हणजे हौस होती. दोन्ही पोरं घरात अभ्यास करायची, मशीनचा आवाज त्यांना नको, म्हणून आपली हौस. बाईंचं तसं नाही. बाईंवर दया करा, साहेब."

एवढं बोलून तो खाली बसला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बाईंनी एकेकाला फाडून खाल्लं असतं आणि काम करून घेऊन घरी गेल्या असत्या. पण सगळे गप्प होते, आणि सगळ्यांच्या तोंडावर तीच दया होती, औषधवाल्याच्यासुद्धा.

बाई उभ्या राहिल्या.

"हरकत आहे."

अध्यक्षांनी कानामागे हात धरला. "कशाला? डॉक्टरांच्या अर्जाला?"

"दोन्ही अर्जांना."

"बाई, दुसरा अर्ज तुमचा आहे."

"मला वाचता येतं. कुठल्याही कारणाने सूट नाही, असं लिहिलंय. माझं कारण त्यातच आलं. ठराव राहू दे. मी दोन टिपं गाळली म्हणून उठवलात तर ह्याचा पत्रा कशाला उतरवला होता?"

"आई!" मुलाने त्यांचा हात ओढला.

"हात सोड. पाठ दुखेल तुझी."

दोन्ही अर्ज फेटाळले गेले. डॉक्टरीणबाई कागद आवरताना एवढंच म्हणाल्या, "कमाल आहे. स्वतःच्याच माणसाशी वैर." बाई पिशवी उचलून बाहेर आल्या. शिंपी पायऱ्यांवर उभा होता.

"तरी माझं छप्पर काही परत येणार नाही, बाई."

"नाहीच येणार. बेकायदा होतं."

"अन् तुमचं न्हाणीघर?"

"ते मी माझ्या घरात बांधीन. तुमच्या दयेवर नाही."

घरी येऊन मुलाने बापाला सगळं सांगितलं, मोठ्याने, बाईंना ऐकू जाईल असं. नवऱ्याने ऐकून घेतलं. मग बाईंकडे बघत, शब्द जुळवत विचारलं, "खिडकी... राहिली?"

"राहिली."

त्याने मान हलवली आणि डोळे मिटले. पेला भरलेलाच होता.

बाई स्वयंपाकघरात गेल्या. ओट्यावर हात टेकून जरा वेळ उभ्या राहिल्या. लग्नानंतर नवऱ्याने पहिलं काही केलं असेल तर ह्या ओट्याखालची लोखंडी चौकट. मग त्यांनी जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "अगं ए, खाली ये."

सून आली ती भांडणाच्या तयारीनेच.

"हे डबे वर घेऊन जा."

"कुठले?"

"सगळे."

सून जागची हलली नाही. ह्यात काही डाव आहे का, ते बघत राहिली.

"बघतेस काय? गॅस संध्याकाळी तो नेईल तुझा नवरा. नको, त्याला उचलू देऊ नकोस, नळवाल्याला सांग. त्यालाही निरोप दे. म्हणावं, बाईंनी बोलावलंय. आणि तिखट-हळद शेजारी शेजारी ठेवू नकोस, तुझा गोंधळ होतो."

"आई, मग तुम्ही कुठे..."

"मी काय मेले? वर येऊन जेवीन. करशील ना, की तेही मीच सांगू?"

सुनेने पहिला डबा उचलला. दोन्ही हातांनी, लहान मूल उचलावं तसा. बाईंना तेही खटकलं, पण त्यांनी पुढचा डबा तिच्याकडे सरकवला.

ओटा फोडताना बाई तिथेच खुर्ची टाकून बसल्या आणि नळवाल्याला सारखं टोचत राहिल्या. चौकट कापू देईनात. तीच आडवी करून भिंतीत धरायला बसवायला लावली. नवऱ्याच्या खाटेपासून न्हाणीघराच्या दारापर्यंत कारखान्यातला एक पडून राहिलेला कठडा ठोकला. कुणीतरी करून घेतलेला आणि कधीच न नेलेला. दाराला कडीही तिथलीच, जाड, नवऱ्याच्या हातची.

काम वाळलं त्या सकाळी नवऱ्याने पाणी मागितलं. स्वतः होऊन. पेला भरून प्यायला आणि मग उठून बसला. चांगल्या हाताने कठडा धरून, एक पाय ओढत निघाला. बाई मागे, हात पुढे करून, पण न लावता.

दाराशी पोचल्यावर त्याने मागे वळून पाहिलं. "जा," म्हणाला.

"पडाल."

"जा तू."

दार लागलं. मग आतून कडी सरकली, हळूहळू, अडत अडत, पण पुरती. बाईंनी तोंड उघडलं, "कडी नका लावू" म्हणायला, आणि मिटलं. जिथे त्यांचा स्वयंपाक चालायचा तिथे, रिकाम्या हातांनी, भिंतीला पाठ लावून त्या उभ्या राहिल्या.

वरून भाजी करपल्याचा वास आला. बाई जागच्या हलल्या नाहीत.