बंदरासमोरची रंगवलेली खिडकी

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे. पण माझ्यातून आजवर कोणी बाहेर डोकावलेलं नाही, कारण मी भिंतीवर रंगवलेली आहे. इटलीतल्या लिगुरियाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात निम्म्या खिडक्या अशाच. जिथे खरी खिडकी परवडत नाही, तिथे रंगारी बोलवायचा.

मला घडवणाऱ्या रंगाऱ्याचं नाव प्रोस्पेरो. दोराला टांगलेल्या फळीवर बसून त्याने माझ्या हिरव्या झडपा काढल्या, एक जराशी उघडी ठेवली आणि तिच्याखाली सावली इतकी बेमालूम भरली, की भर दुपारी सरडे तिथे गारव्याला येऊन बसत. खोटं वाटतं? मग पुढचं ऐका. एक खलाशी सबंध उन्हाळा माझ्याखाली उभा राहून प्रेमगीतं गात होता. आत कोणीच नाही हे कळल्यावर म्हणाला, "तरीच कधी नाही म्हणाली नाही."

ते माझे कौतुकाचे दिवस होते. पुढे खाऱ्या वाऱ्याने रंग खाल्ला, कबुतरांनी उरलासुरला झाकला. घर ओत्ताविया नावाच्या विधवेकडे आलं, आणि माझ्या मागची खोली ती गाव बघायला येणाऱ्या पाहुण्यांना देऊ लागली.

पाहुणे बंदराच्या धक्क्यावर उभे राहत. ओत्ताविया बोट करी, "ती बघा, हिरव्या झडपांची." पाहुणे खूश. खिडकी रंगवलेली आहे हे सांगायचं तिच्या मनातच येत नसे. आमच्याकडे ते कोणी कोणाला सांगत नाही. जन्मल्यापासून ठाऊकच असतं. मग पाहुणे वर जात, मोठ्या हौसेने भिंतीवरचा शोभेचा पडदा सरकवत, आणि कोरी भिंत बघून बॅग उचलून खाली येत.

"आजचेही गेले वाटतं?" शेजारचा जेर्विनो जाळं शिवता शिवता विचारी. "आत समुद्राचं एखादं चित्र तरी लाव."

"तुझं चित्र लावते. म्हणजे जिना चढायच्या आतच पळतील."

पण एकदा ती हसली नाही. पायरीवर बसली आणि म्हणाली, "या उन्हाळ्यात खोली चालली नाही, तर घर विकून मिलानला बहिणीकडे जावं लागेल रे. तिथे समुद्र नाही."

जेर्विनोची सुई थांबली. "मग भिंत फोड. खरी खिडकी कर."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मला विचारणार कोण?

गवंडी ठरला. तो यायच्या आदल्या संध्याकाळी पार उत्तर नॉर्वेतून राग्नहिल्ड नावाच्या बाई आल्या. निवृत्त शिक्षिका, उंच, कमी बोलणाऱ्या. त्यांनी पडदा सरकवला, भिंतीवरून हात फिरवला आणि सरळ झोपल्या. सकाळी त्या बॅग घेऊन खाली येतील म्हणून ओत्ताविया कॉफी उकळत वाट बघत राहिली. दार काही उघडेना.

तेवढ्यात गवंडी चेल्सो आला. बाहेरून शिडी लावून त्याने पहिला घाव घातला. माझा खालचा कोपरा ढासळला. मित्रांनो, मी रंगाची असले तरी दुखतं.

दुसऱ्या घावासाठी त्याने हातोडा उचलला आणि राग्नहिल्डबाई झोपेच्या कपड्यांतच रस्त्यावर आल्या.

"कोण ठोकतंय?"

"खिडकी करतोय बाई. तुमच्यासाठीच."

"माझ्यासाठी? मग मला विचारायचं तरी. आमच्याकडे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही. आम्ही खिडक्यांना घोंगड्या ठोकतो, तरी उजेड घुसतोच. उन्हाळ्यात एवढा छान अंधार मला किती वर्षांनी मिळाला, आणि तुम्ही त्याला भोक पाडताय?"

"पण समुद्र दिसत नाही ना," ओत्ताविया चाचरत म्हणाली.

"समुद्र बघायला मी चालत खाली येईन. मला पाय आहेत. झोपायला अंधारच लागतो."

चेल्सो शिडीवरून उतरला. "आता मी काय करू?"

"ये, खाऊन घे," ओत्ताविया म्हणाली. सगळे फोकाच्चा, म्हणजे आमच्याकडचा खारट पाव, कॉफीत बुडवून खाऊ लागले. राग्नहिल्डबाईंनी आधी तोंड वाकडं केलं, मग बुडवला, मग आणखी मागितला.

तेव्हापासून ओत्ताविया धक्क्यावरच सांगून टाकते, "खिडकी चित्रातली, खोली काळोखी, झोप मात्र खरी." काही जण तोंड फिरवतात. पण राग्नहिल्डबाईंच्या गावचे लोक दर उन्हाळ्यात येतात, दुपारपर्यंत घोरतात आणि मग पोहायला जातात. घर विकायचा विषय संपला.

गेल्या वसंतात माझा कोपरा भरायला रंगारीण आली. तिने विचारलं, "झडप बंदच रंगवू का? म्हणजे कोणी फसणार नाही."

"नको, उघडीच ठेव," ओत्ताविया म्हणाली. "आतले झोपू देत. रस्त्याने जाणाऱ्याला कोणीतरी जागं आहे असं वाटू दे."

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं एखादं जुनं, बिनकामाचं वाटणारं काही असेल. त्याच्यावर हातोडा उचलण्याआधी एवढंच करा: त्याच्या आडोशाला कोण सुखाने झोपलंय, ते एकदा बघून घ्या.