मास्तरांचे किरकिरे

आमच्या मास्तरांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, शेजारच्या शालिकरामभाऊंवर खुनाचा आळ घेतला, आणि तोही किड्यांच्या! मला तर अजून संताप येतो.

भर उन्हात, माणसं कूलरपुढे आडवी झालेली असतात तेव्हा कडुलिंबावर बसून जे किडे किर्रर्र लावतात, त्यांना आमच्या घरात किरकिरे म्हणतात. शेंदूरजनाघाटात आम्ही घर बांधलं तेव्हापासून हा कडुलिंब आमच्या आणि शालिकरामभाऊंच्या कुंपणावर आहे. त्याची सावली सकाळी त्यांच्याकडे, दुपारनंतर आमच्याकडे. शाळेतून रिटायर झाले तरी मास्तरांचा एक मान आम्ही कायम ठेवला होता. उन्हाळ्यात पहिला किरकिरा ओरडला की त्यांनी अंगणात उभं राहून सांगायचं, "सुरू झाले! भिजवा गहू!" मग मी आणि शालिकरामभाऊंची बायको बेबीताई कुरोड्यांचे, म्हणजे कुरडयांचे, गहू भिजत घालणार. आमच्या दोघींच्या कुरोड्या एकत्रच होतात. चीक शिजवायला दोघी लागतातच. एकीने ओतायचं, दुसरीने घाटायचं. एकटीने केलं की गाठी झाल्याच म्हणून समजा.

यंदा किरकिरे ओरडायला लागले, चांगले आठ दिवस ओरडले, तरी मास्तर काही बोलेनात. मी म्हटलं, वय झालं, विसरले असतील. बेबीताईला विचारून गहू भिजवले. तर हे गृहस्थ भांड्यात डोकावून म्हणतात, "किरकिरे ओरडले नाई अन् गहू कायचे भिजवता?"

मला वाटलं, चेष्टा. मी हसले. तिथेच माझं चुकलं.

मास्तरांच्या डोक्यात काय शिरलं, तर शालिकरामभाऊंनी संत्र्यावर काळ्या माशीसाठी फवारणी केली होती, त्या औषधानं किरकिरे मेले. भरदुपारी टोपी चढवून गेले त्यांच्या फाटकात. मी मागून हाका मारतेय, पण ते वळतील तर शपथ.

"शालिकराम, मारले तुमी सारे! एक किडा ठेवला नाई झाडावर!"

शालिकरामभाऊ जेवत होते. उष्ट्या हातानं बाहेर आले. वर कडुलिंबावर नुसता कल्लोळ चाललेला. "मास्तर, काय बोलून राहिले? हे काय, आता ओरडूनच राहिले ना!"

समोरच्या ओट्यावरची माणसं हसली. त्यात हसण्यासारखं होतंच. पण मास्तरांना वाटलं, आपली टर उडवताहेत. आयुष्यभर पोरांना गप्प केलेला माणूस तो. भाऊंना सगळ्यांसमोर लबाड म्हणाले. वर म्हणाले, "जीव घेणाऱ्याच्या घरचं पाणीही आमाले नको."

बेबीताई दारात उभी होती. तिच्या घरचं पाणी! माझ्या धाकटीच्या बाळंतपणात महिनाभर दोन्ही वेळा तिच्याकडून डबा आलाय. बुद्धजयंतीच्या खिरीचं पहिलं पातेलं तिच्या घरी जातं. ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

माझा गहू भांड्यात फुगत होता. दुसऱ्या दिवशी वाटून चीक काढला, एकटीनं. तिसऱ्या दिवशी सकाळी शिजवला नाही तर आंबट होऊन फेकायची पाळी. पण खरं सांगू, गव्हाचं दुःख नव्हतं. बेबीताईशिवाय या गावात मला 'माया' म्हणणारं दुसरं कोण आहे? बाकी सगळ्यांची मी मास्तरीणबाई.

चीक काढला त्याच दुपारी मास्तर टीव्ही लावून बसले होते. आवाज इतका की भिंत हादरावी. मी स्वयंपाकघरातून ओरडले, आवाज कमी करा. एकदा, दोनदा, तीनदा. ढिम्म! आणि बाहेर किरकिऱ्यांचा तोच गोंधळ चाललेला. हातातली पळी हातातच राहिली. यांना किरकिरे ऐकूच येत नाहीत, हे मेलं मला आधी कसं नाही कळलं?

मी जाऊन टीव्ही बंद केला, मास्तरांचा हात धरला आणि चपलाही घालू न देता कडुलिंबाखाली नेऊन उभं केलं. त्यांच्या टकलावर बारीक थेंब पडले. त्यांनी वर पाहिलं. आभाळात ढगाचा ठिपका नाही.

"पाणी कायचं?"

"मूत आहे त्याहिचं!" मी त्यांच्या तोंडासमोर जाऊन बोलले. "तुमच्या मेलेल्या किरकिऱ्याहिचं!"

मग खोडावरचा एक किडा पकडला. पकडल्यावर तो असा किंचाळला की माझ्या कानात दडे बसले. तो मास्तरांच्या मुठीत दिला आणि मूठ कानाला लावली.

मास्तरांची मूठ कानाला तशीच. तोंडावरचा सगळा राग उतरत गेला आणि त्या जागी जे दिसलं, ते मला पाहवेना.

"हा थरथरून राहिला," ते म्हणाले.

"ओरडून राहिला तो."

"लय मोठ्यानं?"

"हाव."

मग म्हणाले, "मले काहून नाई सांगितलं?"

आता मात्र माझा तोल गेला. "सांगितलं नाई? दोन वर्षांपासून बोंबलून राहिली, कान दाखवा, कान दाखवा! पोरीनं सांगितलं, डॉक्टरचा नंबर लावला, तुमी गेले नाई! तुमाले वाटे, म्हातारी किरकिर करते!"

ते माझ्या ओठांकडे पाहत होते. त्यांना यातलं किती कळलं, देव जाणे. आणि कान दाखवा म्हणत असूनही मी दोन वर्षं मनातून चिडत होते की हा माणूस मुद्दाम ऐकत नाही.

त्यांनी मूठ उघडली. किडा उडून गेला. मग ते कुंपणाशी गेले आणि शाळेच्या मैदानावरच्या आवाजात ओरडले, "बेबीताई! सुरू झाले! उद्या चीक घाटाले या!"

आतून बेबीताईचा आवाज आला, दार न उघडता. "मास्तराले म्हणा, पयले आमच्या घरच्या माणसाची माफी मागा. मंग येतो."

मास्तरांनी माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणाल्या?"

दोन वर्षांत हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा विचारला. नाहीतर मान हलवायचे आणि मनाला येईल ते उत्तर द्यायचे. मी जवळ गेले आणि एकेक शब्द सुटा करून सांगितला. एकही गाळला नाही.

"बरोबर म्हणाल्या," मास्तर म्हणाले, आणि अनवाणीच शालिकरामभाऊंच्या फाटकाकडे निघाले. "तू संग चाल, माया. ते काय म्हणतात, मले सांगजो."