नमुन्याचा कॅन

दुसऱ्या वेळेलाही कॅनमधलं पाणी चांगलं निघालं, तेव्हा गावाने माणूस शोधायला सुरुवात केली. नदीत मेलेले मासे सगळ्यांनी पाहिले होते. म्हशी काठापर्यंत जाऊन पाण्याला तोंड न लावता परत फिरत होत्या. आणि सांगलीच्या प्रयोगशाळेचा कागद म्हणत होता की पाणी ठीक आहे. म्हणजे कुणीतरी कॅन बदलतंय. हिशोब सरळ होता, आणि गावाला सरळ हिशोब फार आवडतात.

गाव कृष्णाकाठचं, कराडच्या खालच्या अंगाला. वरच्या बाजूला मळीपासून स्पिरिट काढणारा एक कारखाना आहे. उन्हाळ्यात नदी आटली की तो आपलं काळं पाणी दिवेलागणीला गुपचूप सोडून देतो. पुढे कोयनेतून पाणी सुटलं की सगळी घाण खाली वाहून जाते आणि कारखानेवाले हात झटकून मोकळे. म्हणून गावाने नदी समिती काढली. अध्यक्ष नानासो, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. त्यांना प्रत्येक कामात आधी शत्रू लागतो, मग काम सुचतं. नमुने घ्यायचं काम पल्लवीकडे, कारण ती बी.एस्सी. झालेली सून. काळं पाणी यायचं संध्याकाळी आणि सांगलीची एसटी सकाळी, त्यामुळे भरलेला कॅन रात्रभर तिच्याच घरात राहायचा.

आणि पल्लवीचा नवरा दिग्विजय त्याच कारखान्यात इलेक्ट्रिशियन. आता सांगा, गावाने दुसऱ्या कुणावर संशय घ्यायचा?

नानासो एका दुपारी घरी आले ते उंबऱ्याच्या आत येऊन तसेच उभे राहिले. पल्लवीने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"नगं. घरनं पिऊनच आलोय."

एवढ्या उन्हात चालत आलेला माणूस घरचं पाणी नाकारतो, याचा अर्थ पल्लवीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"सूनबाई, म्हैन्याच्या आखेरीला प्रदूषण मंडळाच्या सायबाम्होरं सुनावणी हाय," नानासो म्हणाले. "ह्या बारीला बी पाणी चांगलं निघालं तर फाईल बंद. मग बसा बोंबलत."

"आवं नाना, काय म्हणायचंय ते सरळ म्हणा की."

"मी काय म्हणत न्हाई. गाव म्हणतंय."

हे एक बरं असतं. गावाच्या तोंडून बोललं की आपलं तोंड खराब होत नाही.

नानासो गेले, पण जो संशय आणला होता तो घरातच ठेवून गेले. पल्लवी आधी त्यांच्यावर चिडली. मग भाकरी थापताना तिच्या मनात आलं, यंदा ह्यांना न मागता दिवसपाळी कशी मिळाली? नमुन्याचा विषय निघाला की हे उठून बाहेर का जातात? तिने मान झटकली. असले विचार मान झटकून जात नाहीत, हे तिला त्या आठवड्यात कळलं.

तिसऱ्यांदा काळं पाणी आलं. पल्लवीने कॅन भरून आणला, मोरीशेजारी गारव्याला ठेवला आणि झाकणाच्या मानेला काळा दोरा बांधला. गाठ तिच्या माहेरची, बैलाच्या कासऱ्याला मारतात तशी. या घरात ती दुसऱ्या कुणाला येत नव्हती.

सकाळी दोरा जागेवर होता. गाठ मात्र साधी होती.

दिग्विजय कामावर जायला बूट घालत होता. पल्लवी कॅन घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. "ह्यो कुणी उघडला?"

त्याने आधी कॅनकडे पाहिलं, मग दोऱ्याकडे. "दोरा कुणी बांधला?"

"मी."

"कुणासाठी?"

तेवढ्यात सासूबाई, रंगुबाई, चुलीपुढून पदराला हात पुसत आल्या. "सकाळच्या पारी काय रं चाललंय? दोरा व्हय? त्यो मीच सोडला की. लय घट्ट बांधलावतास गं."

"तुमी? आत्या, कशाला?"

"तुरटी फिरवाय. पाणी किती काळं हुतं. घागरीत वतलं, तुरटी फिरवली, पहाटं वरचं निवळ तेवढं परत भरलं."

"आन् आदुगरच्या दोन बारीला?"

"तवा बी. सायबाच्या टेबलावर आपल्या घरातनं पाणी जातंय. तसलं पाठवलं तर काय म्हणतील, ह्यांच्यात बाईमाणूस हाय का न्हाई? कुणाच्या पुढं निवळल्याबिगर पाणी ठेवलं न्हाई मी कवा."

पल्लवी मोरीकडे धावली. मोरीच्या तोंडाशी काळा साका पडला होता, अजून ओला. तिला आधी हसू फुटलं, खो खो हसू, आणि हसता हसता तिने दिग्विजयकडे पाहिलं. तो हसत नव्हता. बुटाची नाडी बांधून तो कामावर निघून गेला.

तो कॅन सांगलीला न पाठवता पल्लवीने सासूला हाताला धरून नानासोंच्या घरी नेलं. रंगुबाईंनी सगळं सांगितलं, घागर कुठली आणि तुरटी कुठल्या दुकानातली हेसुद्धा. नानासोंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बरी पढवलीस म्हातारीला," ते पल्लवीला म्हणाले.

रंगुबाईंना ते तिथे कळलं नाही. घरी परतताना अर्ध्या वाटेत कळलं, आणि त्या तिथेच रस्त्याकडेला मटकन बसल्या. एवढ्या वयात त्यांना खोटारडी कुणी म्हटलं नव्हतं.

सुनावणीच्या आधल्या आठवड्यात दिग्विजयचा कारखान्यातून फोन आला. हळू बोलत होता. "सुटायच्या वक्ताला पंप चालू कराय सांगितलंय मला. आज सोडत्यात. कॅन भर, पर आपल्या घरी आणू नगंस. नानांच्यात ठेव."

पल्लवीने तसंच केलं. नानासो स्वतः काठावर आले. आधी त्यांनी चारी बाजूंना पाहिलं, कुणी डाव टाकलाय का म्हणून. मग कॅन आपल्या घरी नेला आणि उशाशी घेऊन झोपले. सकाळी एसटीनेही तेच घेऊन गेले.

या वेळी अहवाल आला तो वाईट. पाणी जनावराच्याही लायकीचं नाही, असा. साहेबाने सुनावणीत कारखान्याला चांगलं फैलावर घेतलं आणि सांडपाण्याची सोय होईपर्यंत कुलूप लावलं. गावात गुलाल उडाला. पंधरवड्यात म्हशी पुन्हा नदीत डुंबू लागल्या. कारखान्याने फोन कुणी केला ते शोधून काढलं आणि दिग्विजयला घरी बसवलं.

आणि गावाने पुन्हा सरळ हिशोब केला. कॅन दिग्विजयच्या घरात होता तोवर पाणी चांगलं. नानासोंच्या घरी ठेवला आणि पहिल्याच फटक्यात घाण निघाली. आता आणखी काय पुरावा पाहिजे? फोनचं म्हणाल तर, सापडायची वेळ आल्यावर कुणीही शहाणा होतो.

रंगुबाई दारोदार जाऊन तुरटीचं सांगत राहिल्या. बाया ऐकून घेत आणि त्यांना चहा देत.

मारुतीच्या देवळात समितीने सत्कार ठेवला. पल्लवीला साडी दिली. नानासोंनी तिला बाजूला घेतलं आणि अगदी मायेने म्हणाले, "तू वाईट वाटून घिऊ नगंस, पोरी. आई लेकासाठी बोलणारच. तुझ्यावर आमचा कुणाचा राग न्हाई."

ती साडी पल्लवीने घरी आणून पेटीवर टाकली. दिग्विजय सोप्यात बसला होता. सत्काराला तो गेला नव्हता, त्याला कुणी बोलावलंही नव्हतं.

"गावाचं मरू दे," तो म्हणाला. "आई म्हणती ते तुला तरी खरं वाटतं का?"

ओला साका पल्लवीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. पण तो तिसऱ्या कॅनचा. पहिल्या दोन वेळी तिने काहीच पाहिलं नव्हतं. आणि आई लेकासाठी बोलणारच. हे वाक्य आपलं नाही, नानांचं आहे, हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिला स्वतःची शरम वाटली.

"व्हय तर," ती म्हणाली. तोवर दिग्विजय उठून परड्यात गेला होता.