मॅटीवरचं हरिण

औरादच्या त्या घरात श्रीलक्ष्मीचं नाव निघालं की गुंडेरावांना हटकून बोअरची मोटर चालू करायची आठवण यायची. ते उठून परसात जायचे. पोरीनं बीदरच्या सॅम्युअलशी लग्न केल्यापासून हा नेम चुकला नव्हता. बीदर काही सातासमुद्रापार नव्हतं, पण रुसलेल्या बापाला तेही लांबच.

म्हणून अन्नपूर्णाबाई पोरीशी फोनवर हळू बोलत. यंदा श्रीलक्ष्मी म्हणाली, "आई, तुझ्या नातीला आता कळायलंय. ख्रिसमसच्या झाडाला टांगायला तुझ्या हातचं भरलेलं काहीतरी पाठीव की." मागोमाग मोबाईलवर चित्रं आली. चांदणी, घंटा, हरिण.

बाईंनी ट्रंकेतून मॅटीचं कापड आणि दोऱ्याच्या लड्या काढल्या, आणि हात लागताच जुने दिवस भडाभडा वर आले. ड्रॉइंगचे मास्तर असलेले गुंडेराव चौकटीच्या कागदावर पोपट काढायचे, एकेका चौकटीत पेन्सिलीची फुली. मग मायलेकी त्या फुल्या मोजून कापडावर टाके घालायच्या. टीव्हीला कव्हर, फ्रिजला कव्हर, दाराला तोरण. घरातली एक वस्तू म्हणून उघडी ठेवली नव्हती. टाका चुकला की पोरगी बापावरच ढकलायची, "अप्पा, तुमचा पोपटच लंगडा हाय." बाप हसत हसत कबूल करायचा. काय दिवस होते ते!

चांदणी आणि घंटा झकास जमल्या. हरणापाशी गाडी अडली. चित्रातल्या हरणानं डोक्यावर सरपणाचा भारा घेतल्यासारखी शिंगं होती. असलं जनावर बाईंनी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांनी सरळ आपल्या ओळखीचं हरिण भरायला घेतलं, रानात हरभऱ्याचे शेंडे खुडणारं, पिळाच्या उभ्या शिंगांचं काळवीट.

दुपारी गुंडेरावांची नजर पडली आणि आतला मास्तर जागा झाला.

"हे कामून असं? ख्रिसमसच्या हरणाची शिंगं फांद्यांसारखी असतेत."

कुणासाठी चाललंय हे त्यांनी विचारलं नाही. ते न कळण्याइतके ते भोळे नव्हते. "चुकलंच माझं. उसवते," म्हणत बाईंनी कात्री उचलली.

"उसवू नको." गुंडेराव खाली बसले. "आपल्या रानातलं हरिण हाय. तिनं बघितलंय कुठं?"

ती म्हणजे नात. तिचा उल्लेख त्यांच्या तोंडून बाईंनी पहिल्यांदाच ऐकला. त्यांनी डोळ्यांना पदर लावला. ते दिसलंच नाही असं दाखवत मास्तरांनी चौकटीचा कागद मागितला. शिंगांचे पीळ काही त्यांना पसंत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी पुडकं त्यांच्या हाती दिलं. "बीदरच्या बसमधी कंडक्टरजवळ द्या. तिकडं लक्ष्मी येऊन घेती."

जेवायची वेळ टळून गेली तरी गुंडेरावांचा पत्ता नाही. फोन उचलेनात. ताटातली भाकरी गार झाली. जुना राग उफाळून पुडकं वाटेतच भिरकावलं तर नसेल? बाईंच्या मनात नाही नाही ते येऊ लागलं.

तेवढ्यात फोन वाजला. श्रीलक्ष्मी होती, पण बोलत कुठं होती? नुसती रडत होती. आणि तिच्या मागून मास्तरी आवाज आला, "तिथं न्हाई गं बाळा, वरच्या फांदीला बांध. थांब, मी उचलून धरतो."

बाईंनी फोन किती तरी वेळ कानाशी तसाच धरला. मग ती गार भाकरी त्यांनी एकटीनंच खाल्ली, आणि ती अशी गोड लागली म्हणता, विचारू नका.