सेट करून दिलेला फोन

स्नेहल दुकानात आली तेव्हा मी एका गिऱ्हाइकावर वरडत होते. त्याचा फोन पंचगंगेत पडलेला, दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठिवून मग आणलेला, आणि वर मलाच विचारतोय, ‘वहिनी, अजून चालू कसा न्हाय?’ त्याला वाटेला लावलं आणि बघते तर पोरगी काउंटरला टेकून उभी. माझ्या भावाची, बाळासोदादाची थोरली. लग्न अकरा दिवसांवर आलेलं, आणि तोंड मात्र आठ दिवस तापात पडल्यागत उतरलेलं.

“आत्ती, फोनची बॅटरी टिकत न्हाय. सकाळी भरली की दुपारी रिकामी.”

“नवा कोरा फोन आणि बॅटरी टिकत न्हाय? बस, बघते.”

बसली न्हाय. स्टूल पुढं ओढलं, तरी उभीच. फोन माझ्या हातात दिला, परत घेतला, परत दिला.

हे दुकान आमच्या ह्यांचं. गंगावेशीत रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे. ते गेले त्याला नऊ वर्षं झाली. तवापासून मीच मोबाईल उघडते आणि मीच गिऱ्हाइकाला शिव्या घालते. सांगायचं काय, तर फोनमधलं मला कळतं. म्हणून तर पुढं सांगते त्याची जास्त लाज वाटती.

हा फोन साखरपुड्यात आलेला. आमच्याकडं आता अंगठी आणि साडीबरोबर ताटात मोबाईल ठेवायची पद्धत पडलीया, आणि कुठला ठिवला त्यावर जेवणाच्या पंगतीत मापं निघत्यात. नवरदेव विश्वजितराव कबनूरचे. घरचे यंत्रमाग, पोरगा शिकलेला, बोलायला गोड. खोकं उघडलं तर फोन आधीच चालू, सगळं भरून तयार. खातंसुद्धा काढलेलं, आणि त्यावर स्नेहलच्या नावापुढं सासरचं आडनाव! “तिला काहीच करायला नको. सगळं सेट करून दिलंय,” असं म्हणाले. बायका खूश. आणि मी, मोबाईलवाली मी, काय केलं? फोनला काच चिकटवली आणि सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं म्हटलं, “बघा, किती हौशी जावई! लग्नाआधीच नाव लावलं!” पोरीनं जुना फोन त्याच दिवशी धाकट्या बहिणीला दिऊन टाकला. त्या दिवशी सेटिंगमध्ये एकदा जरी डोकावले असते तर! अजून स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

“आत्ती, एक विचारू? चिडायचं न्हाय.”

“विचार. चिडायचं का न्हाय ते मी ठरवते.”

ती दाराकडं बघत बोलायला लागली. “परवा महाद्वार रोडला एक ड्रेस घालून बघितला. तिथंच आतल्या आरशात फोटो काढला. कुणाला पाठवला न्हाय, आत्ती. आईलासुद्धा न्हाय. संध्याकाळी ह्यांचा फोन. म्हणाले, पिवळा नको, मोरपंखी घे.”

मी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठिवला.

“आईला सांगितलं, तर आई म्हणती, मनकवडा हाय गं नवरा, नशीब काढलंस. मंगळवारी लॅबमधनं निघायला वीस मिनिटं उशीर झाला. लगीच विचारलं, कुणाशी बोलत थांबलीस? आता अंघोळीला जाताना मी फोन पालथा ठिवते. रात्रीची झोप न्हाय. मी खुळी झालीया का?”

“गप गं! खुळी म्हणं,” मी म्हटलं आणि चष्मा चढवला.

सेटिंग उघडलं. बॅटरी कशानं संपती ते आधी दिसलं: फोन कुठं हाय हे दिवसभर मिनिटामिनिटाला कुठंतरी कळवलं जात होतं. मग खातं उघडलं. जन्मसाल बघितलं. चष्मा पुसून परत बघितलं. पंचवीस वर्षांची पोरगी, लॅबमध्ये माणसांचं रक्त तपासती, आणि खात्यावर वय अकरा! लहान मुलाचं खातं काढलेलं. आईबापांनी पोरांवर नजर ठेवायची सोय असती ती. पोरगं कुठं गेलं, काय बघितलं, फोन किती वेळ घेऊन बसलं, सगळं पालकाच्या फोनवर दिसतं. आणि पालक म्हणून नाव कुणाचं, तर विश्वजितचं. खात्याचा पासवर्डही त्यानंच ठरवलेला. त्यामुळं हिनं काढलेला फोटो तिकडं त्याच्या फोनात हजर.

मी तिला एकेक करून दाखवलं. ती नुसती वाचत राहिली. ‘अकरा वर्षे’ हे तिनं तीनदा वाचलं.

“काढून टाक की हे,” शेवटी म्हणाली.

“काढायला गेलं की पालकाची परवानगी मागतंय. फोन आख्खा पुसला, तरी चालू हुताना हेच खातं आणि हाच पासवर्ड मागणार.” माझा आवाज चढायला लागला. “मी लोकांच्या फोनातली कंपनीची सिस्टीम काढून मोकळी सिस्टीम टाकून देते. तुझ्यात तीही टाकता येत न्हाय, तिथंबी परवानगी. रेडिओला मागं चार स्क्रू असायचे, ज्यानं विकत घेतला त्यानं उघडला. आणि हे बघ! फोन तुझ्या हातात, किल्ली कबनूरला! फेक तो. मी दुसरा देते, आत्ता.”

“फोन दुसरा मिळंल, आत्ती.” पहिल्यांदा तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं. “ह्यांनी हौसेपायी केलंय का मुद्दाम केलंय, एवढं मला कळायला पायजे. अकरा दिवसांनी मी त्या घरात जाणार हाय.”

दादा आहेराच्या साड्या घ्यायला लक्ष्मीपुरीत आलाय हे मला ठाऊक होतं. त्याला फोन लावला, म्हटलं हातातलं सगळं टाकून ये. अर्ध्या तासानं दोन पिशव्या घेऊन घामाघूम आला. मी त्याला पहिल्यापासून सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणतो कसा, “मग? पोरीला लपवायचं काय हाय? नवराच हुणार हाय की.”

माझं डोकंच फिरलं. “दादा, तुझा फोन दे इकडं. उघडून दे. आम्ही दोघी बसून वाचतो.”

त्याचा हात लगीच खिशावर गेला. “माझा कशापायी?”

“का? तुला लपवायचं काय हाय?”

दादा स्टुलावर बसला. पिशव्या पायाशी ठिवल्या. मग हळू आवाजात म्हणाला, “पत्रिका वाटून झाल्यात, क्रांते. पहिली वाडीला दत्ताच्या पायाशी ठिवून आलोय. आता भावकीत काय सांगू?” मला त्याची कीव आली. आख्ख्या भावकीत ताठ मानेनं फिरणारा माणूस, आणि माझ्या दुकानात असा खांदे पाडून बसलेला.

स्नेहलनं माझ्या हातातनं फोन घेतला. ठिकाण दाखवायचं बटण असतं, ते बंद करायला गेली. पडद्यावर आलं, ‘तुमच्या पालकांना कळवले जाईल.’ तिनं एकदा दादाकडं बघितलं आणि बटण दाबलं.

मग आम्ही तिघं वाट बघत बसलो. बसलो कसलं! मी दोनदा दारापर्यंत जाऊन आले. चहा मागवलेला, त्यावर साय धरली. दादाचा गुडघा सारखा हालत होता. एक बाई चार्जर मागायला आली, तिला मी म्हटलं, “नंतर या,” तर ती माझं तोंड बघूनच मागं फिरली. मनात मी म्हणत होते, नको वाजू दे. देवा, पोरगा कामात असू दे, त्याचं लक्ष नसू दे.

तीन मिनिटं झाली नसतील, फोन वाजला. स्नेहलनं स्पीकर लावून काउंटरवर ठिवला.

“लोकेशन का बंद केलंस?” हॅलो न्हाय, काय न्हाय.

“तुम्हाला कसं कळलं?”

पलीकडं हसू. “अगं, सेफ्टीसाठी गं. एकटी येतीस-जातीस, काळजी वाटती मला.”

“मग मला सांगितलं का न्हाय?”

“सांगितलं असतं तर ठेवलं असतंस काय?”

दादाचा गुडघा थांबला.

“आणि माझं वय अकरा?”

“त्याशिवाय ते चालू हुत न्हाय गं. नुसता आकडा हाय. त्यात काय एवढं मनाला लावून घ्यायचं!”

मी तोंड उघडणार, तर पोरीनं माझं मनगट धरलं. तिचा आवाज सरळ होता. “बरं. झालं ते झालं. मी कुणाला काय बोलणार न्हाय. लग्न हाय तसंच हुईल. आत्ता फक्त मला मोकळं करा आणि पासवर्ड सांगा. माझं खातं माझ्या हातात द्या.”

खरं सांगते, त्या घडीला मलाबी वाटत होतं की त्यानं सांगावा. चार अक्षरं सांगायची होती, पोरगी सगळं पोटात घालायला तयार होती.

“लग्न झाल्यावर देतो की.”

“न्हाय. आत्ता द्या.”

“शेवटचं लोकेशन गंगावेस दाखवतंय मला. आत्तीच्या दुकानात हाईस न्हवं? ती शिकवतीया तुला हे.” आवाजातला गोडवा गेलेला. “लग्न झाल्यावर म्हटलं ना. आणि तवा तुझं म्हणून वेगळं काय राहणार हाय?”

स्नेहलच्या गालावरनं पाणी यायला लागलं. तिनं ते पुसलंसुद्धा न्हाय. तेवढ्यात दादा उठला आणि फोनवर वाकला.

“जावईबापू, बाळासो बोलतोय.”

“मामा? अहो, तुम्ही तिथं हाय व्हय? मामा, हा गैरसमज हाय सगळा, मी संध्याकाळी येऊन...”

“या की,” दादा म्हणाला. “तुमचा फोन हितं क्रांतीच्या दुकानात ठिवलाय, तो घिऊन जावा. पोरगी मी घरला नेतो.”