पंख्याखालचा आवाज

थोरल्याचा घसा बसला तेव्हा घरात कुणी ते मनावर घेतलं नव्हतं. तो लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून ‘क्लच हळू सोडा, अजून हळू, घाई कुणाला आहे’ असं बोलत राहणं हेच त्याचं काम. अशा माणसाचा घसा बसणारच. चार महिन्यांनी डॉक्टरांनी नळी घालून आत पाहिलं आणि गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल असं सांगितलं. सव्वीस दिवसांनंतरची तारीख मिळाली.

त्याची मुलगी तेव्हा साडेतीन वर्षांची होती. बाबांचा आवाज तिच्या लक्षात राहणं शक्य नव्हतं, हे घरात सगळ्यांना कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. बोलली ती धाकटी, थोरल्याची बहीण. ती त्यांच्याच घरात, वरच्या खोलीत राहायची. आपण दादाची एक फिल्म करू, असं तिनं वहिनीला सांगितलं. मुलगी मोठी झाल्यावर तिला जे सांगायचं ते तो आत्ताच सांगून ठेवेल. थोरला आधी हसला. मग दुसऱ्या दिवशी त्यानं शिकवणीच्या जुन्या वहीत मुद्दे काढायला सुरुवात केली.

धाकटीनं आयुष्यात कधी फिल्म केली नव्हती. ती एका कारखान्यात दातांच्या कवळ्या बनवायची. केसाएवढा फरक पडला तरी कवळी हिरडीला टोचते, म्हणून प्रत्येक गोष्ट भिंगाखाली धरून बघायची सवय तिच्या हाडीमाशी खिळली होती. एकदा एक गोष्ट हाती घेतली की ती अर्धवट करणं तिला जमत नसे. कॅमेऱ्याच्या बाबतीतही तिनं तेच केलं. नवशिक्यांनी कोणता कॅमेरा घ्यावा, कोणती लेन्स घ्यावी, हे ती जेवताना वाचायची, बसमध्ये वाचायची. दोन कॅमेऱ्यांची चित्रं शेजारी शेजारी मोठी करून पापण्यांचे केस मोजायची.

त्यांच्या गल्लीत एक शूटिंगवाले काका होते. तीस वर्षं लोकांच्या समारंभांचं शूटिंग करून त्यांची पाठ वाकली होती. वहिनीच्या आग्रहाखातर धाकटी त्यांच्याकडे गेली. त्यांनी तिची कागदावरची यादी शांतपणे वाचली आणि विचारलं, “यात माइक कुठाय?”

ती म्हणाली, तो शेवटी बघू. कॅमेऱ्यात असतोच की एक.

“हे बघ, चित्र जरा खराब असलं तर माणूस चालवून घेतो. आवाज खराब असला की संपलं. तुझा फोन आहे ना? त्यानंच शूट कर. फक्त कॉलरला लावायचा एक माइक घे आणि आजच बस दादासमोर. बाकी सगळं नंतर शिक.”

धाकटीनं मान हलवली, पण तिला ते पटलं नाही. काकांनी केलेल्या फिल्म तिनं पाहिल्या होत्या. चेहरे भाजल्यासारखे लाल, आणि मध्येच बदामाच्या आकारात नवरा-नवरी. दादाची फिल्म अशी व्हायला नको, एवढंच तिच्या मनात आलं.

कॅमेरा ठरायला नऊ दिवस लागले. लेन्सला आणखी तीन. दुकानदारानं तिला तासभर काउंटरवर उभं राहून सगळे कॅमेरे हाताळू दिले, आणि खरं तर तोही चांगला माणूस होता. त्यानंही माइकचं विचारलं. तिनं निवडलेला माइक नेमका दुकानात नव्हता; आठवड्याभरात येईल, तोवर हा दुसरा घ्या, असं तो म्हणाला. दुसऱ्या माइकबद्दल तिनं कुठंतरी वाईट वाचलं होतं. आपण थांबू, ती म्हणाली. हातात दोन आठवडे होते. ते दिवस तिनं वाया घालवले असंही नाही. फिल्म जोडण्यासाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं हे तिनं त्यात ठरवलं. एक सोपं होतं, पण चित्रावर आपल्या नावाचा शिक्का मारायचं. दुसरं मोठमोठे लोक वापरायचे आणि फुकट मिळायचं. तिनं ते दुसरं उतरवून घेतलं.

मग दवाखान्यातून फोन आला. गाठ वाढते आहे, ऑपरेशन आठ दिवस आधी करू. हातात चारच दिवस उरले आणि माइक आला नव्हता.

धाकटीनं कामावरून रजा काढली. खिडकीजवळ थोरल्याची खुर्ची ठेवली, कॅमेरा तिकाटण्यावर बसवला आणि रोज दुपारी मुलगी झोपली की ती दोघं दार लावून बसायची. दिवस उकाड्याचे होते. पंखा बंद केला की थोरल्याला धाप लागायची, म्हणून तो चालू ठेवला. चार दिवस तो बोलला. आवाज एव्हाना कुजबुजीवर आला होता, पण समोर बसलेल्या धाकटीला शब्द न् शब्द कळत होता. मुलगी जन्मली त्या दिवशी तो चुकीच्या दवाखान्यात जाऊन दीड तास बसला होता, ते त्यानं सांगितलं. घाबरलेल्या माणसाला गाडी कशी शिकवायची ते सांगितलं. वहिनीला पहिल्यांदा पाहिलं ते सांगताना तो एवढा हसला, की खोकल्याची उबळ थांबेना. काही गोष्टी सांगताना तो धाकटीकडे न बघता थेट कॅमेऱ्याच्या भिंगाकडे बघायचा, आणि तेव्हा आपण ऐकू नये असं वाटून ती मनातल्या मनात आकडे मोजायची. रोज शूट संपलं की ती छोट्या पडद्यावर त्याचा डोळा मोठा करून बघायची. बुबुळात खिडकी दिसायची, खिडकीचे गजसुद्धा. तिचा जीव भांड्यात पडायचा.

एकदा तिनं ते कॉम्प्युटरवर लावून पाहिलं. चित्र अडखळत, थांबत होतं, आवाज तुटत होता. कॉम्प्युटर जुना आणि तिनं शूटिंग केलेलं सगळ्यात वरच्या दर्जाचं, त्यामुळे असं होणार हे तिनं वाचलं होतं. बिघाड कॉम्प्युटरमध्ये आहे असं धरून तिनं तो बंद केला.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. थोरला घरी आला तो गळ्याला भोक आणि हातात मुलीची पाटी घेऊन. पंधरवड्यानं धाकटी सगळं शूटिंग घेऊन शूटिंगवाल्या काकांकडे गेली, कारण त्यांचा कॉम्प्युटर दमदार होता. तिथं चित्र अडखळलं नाही. काकांनी हेडफोन लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग त्यांनी तो तिच्या हातात दिला.

पंखा ऐकू येत होता. नुसता पंखा. कुजबुज पकडायला कॅमेऱ्यानं आपणहून आवाज वाढवत नेला होता आणि त्यात पंख्याची घरघरच मोठी झाली होती. त्याच्या तळाशी कुणीतरी बोलत होतं. मधूनच एखादा शब्द वर यायचा, ‘क्लच’, ‘आई’, आणि बुडायचा.

काकांनी तिला एका शब्दानंही टोचलं नाही. गोंगाट काढून टाकायची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते, ती त्यांनी लावली. पंखा गेला आणि त्याच्याबरोबर थोरलाही गेला. त्याच्या आवाजात स्वर उरलाच नव्हता, होता तो सगळा वाराच होता, आणि सॉफ्टवेअरला पंख्याच्या वाऱ्यात आणि त्याच्यात फरक कळत नव्हता. त्यांनी तीन दिवस वेगवेगळ्या तऱ्हेनं खटपट केली. चौथ्या दिवशी ते म्हणाले, “पोरी, आता नको.”

घरी थोरला रोज पाटीवर ‘झालं का?’ लिहून दाखवायचा. तिनं सहा दिवस काहीबाही सांगून वेळ मारून नेली. सातव्या दिवशी तिनं त्याला खरं सांगितलं.

तो रागावला नाही. ओठ बघून आपण लिहून काढू, असं त्यानंच सुचवलं. दोघं शेजारी बसले. मुद्द्यांच्या वहीत विषयांची नावं होती, वाक्यं नव्हती. चार दुपारींचं बोलणं. त्यातली त्याला सत्तावीस वाक्यं खात्रीनं आठवली. भिंगाकडे बघून जे बोलला होता तिथं तो पुन्हा पुन्हा मागं जाऊन आपलेच ओठ बघत राहिला. शेवटी त्यानं लिहिलं, ‘नाही सांगता येत.’ तू तर समोर होतीस, असं त्यानं खुणेनं विचारलं. आपण तेव्हा आकडे मोजत होतो, हे धाकटीला त्याला सांगता आलं नाही.

मग तिनं आपल्या फोनमधले त्याच्या आवाजातले जुने निरोप शोधले, घसा बसण्याआधीचे. एकूण चौदा होते. तिनं ते एकापुढे एक जोडले आणि त्याला ऐकवले. स्वच्छ, भरदार आवाज. पोचलो. येताना दूध आण. किल्ली कुंडीखाली आहे. आज उशीर होईल, थांबू नका. एक मिनिट आणि चार सेकंद.

थोरल्यानं दोनदा ऐकलं. आतल्या खोलीतून मुलगी धावत आली, दारात थांबली, बाबांच्या मिटलेल्या तोंडाकडे बघितलं आणि उलट फिरून आईकडे गेली.

त्यानं पाटी ओढली आणि लिहिलं, ‘एवढंच बोललो मी?’

धाकटीनं कॉम्प्युटर बंद केला.