ओल्या हाताचं पाप

तीन घरांत तीन पापिणी सापडल्या होत्या. चौथं घर आमचं.

सकाळी सातच्या आतच गल्ली भरली. समोरच्या इमारतीतल्या बायका खिडक्यांत, पुरुष जिन्यावर, मुलं तर आमच्या दारातल्या चपलांवरच उभी. मधोमध सतरंजीवर भस्मबाबा. त्यांच्यापुढे रबरी कड असलेल्या झाकणाचा डबा आणि एक ताटली. ताटलीत त्यांनी आल्या आल्या चिमूटभर पांढरं भस्म ठेवलं होतं. अर्ध्या तासात त्याचं पाणी झालं.

"बघा, भस्म रडायला लागलं!" बाबा म्हणाले. "घरात पाप असलं की याला राहवत नाही. माणूस खोटं बोलेल, भस्म बोलणार नाही. भस्माला जीभच नाही, तर खोटं बोलेल कशानं?"

"मग खरं तरी कशानं बोलतं?" जिन्यावरून कुणीतरी विचारलं.

दोघं-तिघं हसली. बाबांनी डोळे मिटून मान हलवली. "ज्याला शंका आहे त्यानं पुढे यावं. त्याचं घर पाचवं."

मग कुणी हसलं नाही.

आमच्या थोरल्या जाऊबाईंचा नातू नऊ दिवस तापानं फणफणत होता. डॉक्टरांचं औषध दोन दिवस दिलं, तेवढ्यात बाबांची कीर्ती कानावर आली आणि औषधाची बाटली फळीवर गेली. "घरातली नजर काढल्याशिवाय औषध लागू पडायचं नाही," असं बाबांनी सांगितलं होतं. नजर कुणाची, ते भस्म ठरवणार होतं. ज्या बाईची मूठ भाजेल ती.

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. पण उठल्यापासून कामावर पोचेपर्यंत मी बोलत नाही. एकवीस वर्षांचं व्रत आहे. सकाळचा पहिला शब्द देवाचा, तोही मनातल्या मनात. बाबा नेमके सकाळीच आले होते.

आम्ही बायका ओळीनं बसलो. जाऊबाईंच्या तळहातावर बाबांनी चिमूट ठेवली. "मूठ मिटा. काही जाणवतं?"

"थंड वाटतंय हो, फुलासारखं!" जाऊबाई म्हणाल्या.

मग त्यांच्या सुनेच्या हातावर. ती तापलेलं मूल मांडीवर घेऊन बसली होती. तिलाही काही नाही. मग माझ्या. पांढरे, मिठाहून जाड, खरखरीत दाणे. चिमूट काढली की बाबा डब्याचं झाकण लगेच दाबून बसवत होते, आणि तसं झाकण दाबणारा एक हात मी रोज पाहते असं मला सारखं वाटत होतं. मी चिमूट रुमालात बांधून कमरेला खोवली.

शेवटी माझी सून. ती मोरीतून कपडे पिळून उठून आली होती. येताना तिनं नळाखाली हात स्वच्छ धुतले आणि तसेच निथळत पुढे केले. ही शिस्त माझी. देवाच्या वस्तूला धुतलेला हात लावावा, कपड्याला पुसलेला नाही, हे मीच तिला लग्नानंतर पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. घरात ते मनापासून पाळते ती एकटीच.

बाबांनी तिचे हात नीट पाहिले. आणि चिमूट नाही, मूठभर भस्म घातलं. "घट्ट आवळ, पोरी."

पाच-सहा क्षण गेले असतील. तिचा चेहरा बदलला. "आई, गरम लागतंय," ती म्हणाली. मग, "आई, भाजतंय!"

गल्लीतून "अरे बापरे" असा एकच आवाज उठला. बाबांनी तिची मूठ दोन्ही हातांनी दाबून धरली आणि वरून फडकं गुंडाळून गाठ मारली. "पाप धुवायचं नाही. उद्या सकाळपर्यंत पाण्याचा थेंब लागता कामा नये. उद्या उघडू. हात बरा असेल तर नजर गेली. फोड असेल तर हिला या घराबाहेर ठेवा, नाहीतर पोराचं मी सांगू शकत नाही."

माझा मुलगा ट्रक घेऊन बाहेरगावी. फोन लागत नव्हता. सुनेला वरच्या खोलीत घालून जाऊबाईंनी कडीला कुलूप लावलं. कुणीतरी माझ्याकडे बघून विचारलं, "धाकट्या बाईंचं काय म्हणणं?"

"ती कुठे काही म्हणाली? तिलाही पटलंय," जाऊबाई म्हणाल्या.

माझं मौन माझ्याच सुनेविरुद्ध साक्षीला उभं राहिलं होतं. जिना उतरताना वरून तिचं कण्हणं ऐकू येत होतं आणि मी ओठ मिटून कामावर निघाले होते. मागे वळून पाहिलं की वाटतं, कामावर पोचेपर्यंतच्या त्या अर्ध्या तासात मीही एका बंद खोलीतच होते. फक्त किल्ली माझ्याच हातात होती.

मी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचसामान धुते. तिथं जाड काचेची, घट्ट झाकणाची भांडी आहेत. वाळवलेल्या वस्तूला पुन्हा ओल लागू नये म्हणून ती त्यांत ठेवतात, आणि तळाशी पांढरी पावडर असते. तिथल्या मॅडम ती भरताना हातमोजे आणि चष्मा घालतात, कोरड्या चमच्यानं काढतात आणि झाकण लगेच दाबतात. तोच तो हात. मला पहिल्या दिवशीच ताकीद होती: "मावशी, तुमचे हात कायम ओले. या बरणीला तुम्ही शिवायचं नाही."

दारातच मी तोंड उघडलं. सगळं सांगून रुमाल सोडला. आत चिमूट नव्हती, ओला डाग होता.

"पाणी सांडलंत यावर?"

"नाही हो मॅडम."

"मग हवेतली ओल प्यायली यानं. बहुतेक आपलंच, कॅल्शियम क्लोराइड. पाण्यात विरघळताना ते तापतं. ओल्या मुठीत कोंडलं तर कातडी सोलून निघते." मग त्या थांबल्या. "मूठ सोडली ना तिची?"

"नाही. उद्यापर्यंत बांधून ठेवलीय."

"मावशी, मग तुम्ही इथं काय करताय?"

मी रुमाल टेबलावर टाकून वळले.

"नाव नंतर शोधू. कुठलीही पावडर असो, आधी झटकायची, मग पाणी. वाटीभर नाही, धो धो. थोड्या पाण्यानं आणखी तापेल. वीस मिनिटं धुवा, आणि तो हात डोळ्याला लागू देऊ नका. मग दवाखाना. पळा!"

मी पळाले. पन्नाशीनंतर बाईमाणूस रस्त्यानं पळताना दिसलं की लोक वाट देतात.

जाऊबाई किल्ली कमरेला लावून नातवाजवळ बसल्या होत्या. मागितली. "बाबांनी सांगितलंय," एवढंच म्हणाल्या. भांडायला माझा आवाज कधीच पुरत नाही. मी मागच्या गॅलरीत गेले. वरच्या खोलीची खिडकी तिथं उघडते, तिला गज आहेत. सून भिंतीला डोकं टेकून बसली होती.

"गाठ सोड."

"धुतलं तर त्यांना कळेल, आई."

"कळू दे. उठ."

तिनं दातांनी गाठ सोडली. फडक्यानंच उरलेली पावडर झटकली आणि हात गजांतून बाहेर काढला. मी बादलीमागून बादली आणली. तांब्यानं ओतत राहिले. खाली कुणी ओरडलं, "अहो, पाणी कुठून पडतंय?" मी थांबले नाही. तळहात लालभडक झाला होता, मधोमध पावलीच्या नाण्याएवढा फोड.

"मी खरंच काही केलं नाही हो, आई," ती म्हणाली.

"केलंस. हात धुतलेस. मी सांगितलं म्हणून."

दवाखान्यातून मलम आणलं, गजांतूनच लावलं आणि वरून तसंच स्वच्छ फडकं बांधलं. ते लावताना मला एकेक घर आठवत गेलं. पाववाल्याकडे सापडली ती त्याची सून. शिंप्याकडे भांडी घासणारी बाई. औषधविक्रेत्याकडे त्याची विधवा बहीण. बाबा येणार नेहमी सकाळीच, नळ वाहत असताना. त्यांना कुणाचं नाव आधी कळायची गरजच नव्हती. प्रत्येक घरात एका बाईचे हात ओले असतातच, आणि तिच्या बाजूनं बोलणारं बहुधा कुणी नसतं.

दुसऱ्या सकाळी गर्दी दुप्पट. सुनेला खाली आणलं, हात उघडला. फोड पाहून बाबांनी उसासा टाकला. "मी म्हटलं होतं. हिला—"

मी पाण्याचा तांब्या आणि तसराळं घेऊन पुढे झाले, बाबांपुढे बसले आणि हात पुढे करा अशी खूण केली. पाहुण्याचे हात धुवायचे, कोण नको म्हणेल? बाबांनीही कौतुकानं हात पुढे केले. मी सावकाश पाणी घातलं. मग डबा उघडून त्यांच्यापुढे धरला.

बाबांचे हात शालीत गेले.

"घ्या ना बाबा!" जाऊबाई भाबडेपणानं म्हणाल्या. "मूठभर घ्या. तुमच्या हातात तर बर्फ होईल त्याचा."

"आम्हाला कसली परीक्षा, माई?" बाबा हसले. शालीच्या आत हात भराभर पुसले जात होते.

"पुसू नका," मी म्हणाले.

एकवीस वर्षांत त्या घरानं सकाळी माझा आवाज ऐकला नव्हता.

"पुसू नका, बाबा. ओल्या हातांनीच घ्या. माझ्या सुनेनं घेतलं तसं."

बाबा उठायला लागले. "अपमान! या घराचा—"

"घरात मूल तापलंय, आवाज खाली," मी म्हटलं. आदल्या संध्याकाळी मी मॅडमना पुन्हा गाठलं होतं, तेव्हा त्यांनी बजावलं होतं, हातावर दाखवू नका. मी स्टीलच्या वाटीत थोडं पाणी घेतलं, कोरड्या चमच्यानं दोन चमचे भस्म त्यात टाकलं, ढवळलं आणि वाटी जाऊबाईंपुढे ठेवली. "बाहेरून बोट लावा."

त्यांनी लावलं आणि झटक्यात काढलं. "अगं बाई! ही तर तापली!"

"या वाटीनं कुणाच्या पोराला नजर लावली?"

वाटी हातोहात फिरली. पावडर ओलीनं तापते, आणि उघडी ठेवली की हवेतली ओल पिऊन तिचंच पाणी होतं, हे मी मॅडमच्याच शब्दांत सांगितलं. दारातून औषधविक्रेत्याची बहीण पुढे आली. तिचा हात अजून बांधलेलाच होता. "त्या दिवशी मी धुणं टाकून आले होते," ती हळू म्हणाली. मग तिनं बाबांकडे पाहिलं. "हातच पुसायचे होते तर मला."

बाबांना जायला वाट मिळाली, पण डबा मिळाला नाही. तो जाऊबाईंनी मांडीखाली घेतला होता, आणि त्यांच्याकडून वस्तू परत घेणं आम्हाला कधी जमलं नाही. पुढे तो मॅडमकडे गेला. तपासून त्यांनी नाव पक्कं सांगितलं. अंदाज खरा होता.

नातवाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं. कानात पू झाला होता. अर्धवट सोडलेलं औषध पुन्हा नीट सुरू केलं, पाचव्या दिवशी पोर अंगणात. जाऊबाई माझ्या सुनेच्या हाताला मलम लावायला बसल्या. माफी त्यांच्या तोंडून निघाली नाही, पण कमरेची किल्ली त्यांनी तिच्यासमोर खुंटीला अडकवली.

माझं मौन आजही चालू आहे. त्यात फक्त एक भर घातली आहे: कुणाच्या हातावर काही ठेवलं जात असेल, तर बोलायचं. देवाला ते मोडलेलं वाटलं असेल असं मला वाटत नाही.

वाचणाऱ्या बायांनो, तुमच्या दारात असा कुणी डबा घेऊन आला, तर एवढंच करा. मूठ मिटू नका. हे काय आहे, ते विचारा. आधी तू घे, म्हणा, आणि त्याचे हात कोरडे आहेत का ते बघा. अंगाला काही लागलं आणि जळजळलं, तर झटका, भरपूर पाणी ओता आणि डॉक्टर गाठा. पाप पाण्यानं धुतलं जातं की नाही, मला ठाऊक नाही. पावडर जाते.